आग्या मोहोळाचं पंचांग

फेब्रुवारी संपत आला की पुण्या-नाशकातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरावीक फोटो यायला लागतो. नवव्या नाहीतर अकराव्या मजल्याच्या छज्जाखाली लटकलेला, अर्ध्या चंद्रासारखा काळपट-तपकिरी पडदा. खाली प्रश्न : 'पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर आहे का कोणाकडे?' पाच मिनिटांत तीन नंबर येतात. 'या माश्या जातील कधी?' हे मात्र कोणी विचारत नाही. खरं तर आग्या माशीबद्दल पहिला प्रश्न तोच विचारायला हवा, कारण ती कायमची राहायला आलेली नसते. ती हंगामापुरती येते, आणि तिचं येणं-जाणं माणसाने फार पूर्वीपासून टिपून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे मध साठवणाऱ्या रानटी माश्या मुख्यतः चार. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी बरीच पोळी बांधणारी सातेरी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं लावणारी फुलोरी. डंखच नसलेली, मुंगीएवढी पोयाची माशी. आणि आग्या. सातेरी आणि पोया बऱ्यापैकी एका जागी नांदतात, फुलोरी थोडीफार जागा बदलते, आग्या मात्र चक्क स्थलांतर करते, तेही शंभर किलोमीटरहून लांब. फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९३ साली तिला 'एपिस डॉर्सेटा' असं शास्त्रीय नाव दिलं. तिचं पोळं एकच, मोठं, कधी कधी मीटरभर रुंद, आणि पूर्ण उघडं. त्याला भिंत नाही, छप्पर नाही. माश्याच एकमेकींना धरून पोळ्यावर पडदा करतात. आपण फोटोत बघतो तो हा जिवंत पडदा. पोळं त्याच्या आत असतं.

तिचं वर्ष महाराष्ट्राच्या पठारावर साधारण असं जातं. पाऊस ओसरतो, कारळाची शेतं पिवळी होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिले थवे यायला लागतात. हिवाळ्यात रब्बीची पिकं आणि रानफुलं असतात. जानेवारीपासून काटेसावर, मग पळस, पांगारा. मार्च-एप्रिलमध्ये घाटात जांभूळ फुलतं, पाठोपाठ करंज आणि हिरडा. पोळं मधाने जड होतं ते याच काळात. मग वळवाचे ढग जमतात, फुलं संपतात, पोळ्यातला मध पिऊन माश्या निघून जातात. जूनमध्ये वर पाहिलं तर नुसतं मेणाचं कोरडं पान लटकताना दिसतं. तेव्हा कोणी मला विचारलं की रानातल्या मधमाश्या बघायला उत्तम काळ कोणता, तर मी होळीच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना असं सांगेन. हिवाळा आणि उन्हाळा जिथे एकमेकांना टेकतात, ते आठ-नऊ आठवडे.

हे माझं संशोधन नाही. फार जुन्या कॅलेंडरात ते आधीच लिहिलेलं आहे. चैत्र, वैशाख ही नावं नक्षत्रांवरून पडली. तैत्तिरीय संहितेत महिन्यांची जी वेगळी नावं येतात, ती ऋतूंच्या स्वभावावरून दिल्यासारखी वाटतात. त्यात वसंताचे दोन महिने म्हणजे मधु आणि माधव. पुढे परंपरेने मधु म्हणजे चैत्र आणि माधव म्हणजे वैशाख अशी जोडी लावली. मधु या शब्दाला 'गोड' असा सैल अर्थही आहे, त्यामुळे हे नाव मधमाशी बघूनच ठेवलं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण ज्या समाजात साखर नव्हती आणि गोडवा म्हणजे प्रामुख्याने मध होता, त्याने वर्षातल्या नेमक्या याच दोन महिन्यांना हे नाव द्यावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

पचमढीच्या डोंगरांतल्या शैलाश्रयांत, म्हणजे आपल्या मेळघाटापासून फार लांब नाही, मध काढणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. शिडीसारखं काहीतरी, त्यावर चढलेली आकृती, हातात टोपलीवजा भांडं आणि भोवती ठिपके. ठिपके म्हणजे माश्या. जगभरातली अशी चित्रं एकत्र करून इव्हा क्रेन या ब्रिटिश बाईंनी २००१ साली एक पुस्तक केलं. बाई मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग चालू असताना लग्नाचा आहेर म्हणून कोणीतरी त्यांना मधमाश्यांची पेटी दिली आणि उरलेलं आयुष्य त्यांनी मधमाशीलाच दिलं. या चित्रांवर महिना लिहिलेला नाही. पण रिकाम्या पोळ्यासाठी कोणी शिडी बांधत नाही. चित्र काढणाऱ्याला पोळं कधी भरतं हे माहीत होतं, हे त्या शिडीवरूनच कळतं.

महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला एक गोष्ट सांगतो. किरातांबरोबर तो गंधमादन पर्वतावर गेला असताना त्यांना एका अवघड कड्यात, सापांनी राखलेला मध दिसतो. किरात तो मिळवायला जातात आणि मरतात. दुर्योधनाला मध दिसतो, खालची दरी दिसत नाही, असा त्या गोष्टीचा रोख. मला त्यातली एक बारीक गोष्ट आवडते. मध कड्यात आहे, झाडाच्या ढोलीत नाही. कड्याला लटकणारा मध म्हणजे आग्या, किंवा हिमालयात असते ती तिची आणखी मोठी बहीण. मध काढणारेही विदुराचे दरबारी नाहीत, डोंगरातले किरात आहेत. मध शहरात यायचा आणि तो कधी, कुठे, कसा मिळतो हे ज्ञान डोंगरात राहायचं, ही विभागणी तेव्हापासूनची दिसते.

इंग्रज आले आणि ही विभागणी कायद्यात गेली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'वनोपज' या शब्दाच्या व्याख्येत कातडी, हस्तिदंत, शिंगं, रेशमाचे कोष यांच्या रांगेत मध आणि मेणही बसवलेलं आहे. म्हणजे कोरकू किंवा कातकरी माणूस बाप-आज्यापासून ज्या कड्यावर चढत होता, त्या कड्यावरचं पोळं कागदोपत्री सरकारचं झालं. हे बदलायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. त्यात मध आणि मेणाचा समावेश गौण वनोपजात केला आणि त्यावरचा मालकी हक्क वनवासी समाजांना दिला. गंमत म्हणजे त्या कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या 'वनस्पतीजन्य' अशी सुरू होते आणि त्याच यादीत मध येतो. मसुदा लिहिणाऱ्याने माशीला बायपास केलं. फुलापासून थेट बाटलीत.

गोऱ्या साहेबांना आग्या माशी समजली ती बहुधा वाईट मार्गाने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नर्मदेवर रेल्वेच्या कामासाठी पाहणी चालू होती. जबलपूरजवळ भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांत बॉडिंग्टन नावाच्या इंजिनिअरवर माश्यांनी हल्ला केला. त्याने पाण्यात उडी मारली, पण श्वासासाठी डोकं वर काढलं की माश्या हजर. तो बुडाला. तो बाहेरून आलेला होता आणि कड्यांवर काय लटकतंय याचा त्याने विचार केला नव्हता. आजही भेडाघाटच्या नौका पावसाळ्यात बंद असतात आणि कोरड्या महिन्यांत चालतात. म्हणजे पर्यटकांचा हंगाम आणि आग्याचा हंगाम एकच. आपल्या किल्ल्यांचंही तसंच आहे. शिवजयंती फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, शिवनेरीवर गर्दी होते, आणि 'मधमाश्यांचा हल्ला, अनेक जखमी' ही बातमीही त्याच सुमारास वाचायला मिळते. माश्या तिथे दरवर्षी असतात. कोणीतरी खाली धूर करतं किंवा दगड मारतं, हे नवीन असतं.

दुसऱ्या एका गोऱ्या माणसाचा हेतू बरा होता. फ्रँक बेंटन नावाचा अमेरिकन १८८० च्या सुमारास आग्या माशी शोधत सिलोन, हिंदुस्थान, जावा असा फिरला. एवढी मोठी माशी आणि एवढा मध, तर ती अमेरिकेत नेऊन पेटीत का ठेवू नये? त्याने काही वसाहती पकडल्याही. पण तो तापाने आजारी पडला आणि माश्या प्रवासात मेल्या. तो ठणठणीत राहिला असता तरी काही झालं नसतं असं मला वाटतं. आग्या उघड्यावर एकच पोळं बांधते आणि फुलं संपली की उठून जाते. जिच्या जगण्याचा पायाच 'निघून जाणं' हा आहे, तिला पेटी देणं म्हणजे वारकऱ्याला फ्लॅट देण्यासारखं. महाबळेश्वरच्या पेट्यांत आजही सातेरी असते, आग्या नाही. आग्याचा मध अजून रानातूनच येतो.

या माशीला न ओळखल्याची सर्वांत महाग किंमत मात्र हिंदुस्थानात नव्हे, तर आग्नेय आशियात आणि वॉशिंग्टनमध्ये मोजली गेली. व्हिएतनाम युद्ध संपल्यावर लाओसमधून पळून आलेले ह्मोंग निर्वासित सांगत होते की विमानं येतात, आभाळातून पिवळे थेंब पडतात आणि माणसं आजारी पडतात. १३ सप्टेंबर १९८१ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी पश्चिम बर्लिनमध्ये भाषण करून आरोप केला की लाओस, कंबोडिया आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत गोटाकडून बुरशीजन्य विष वापरलं जातंय. 'यलो रेन', पिवळा पाऊस, हे नाव जगभर गेलं. शीतयुद्ध ऐन रंगात होतं. सोव्हिएत संघाने रासायनिक शस्त्रांचे करार मोडले, असा हा आरोप होता.

मग पानांवरचे ते पिवळे डाग सूक्ष्मदर्शकाखाली गेले, आणि त्यात निघाले परागकण. स्मिथसोनियन संस्थेतल्या परागतज्ज्ञ जोन नोविक यांना दिसलं की त्या कणांची टरफलं शाबूत आहेत, पण आतला गर गेलेला आहे. म्हणजे ते कोणाच्या तरी पोटातून जाऊन आलेत. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन आणि मधमाशीतज्ज्ञ थॉमस सीली १९८४ साली थायलंडला गेले, आग्याच्या मोहोळांखाली फिरले, आणि एके दिवशी त्यांच्याच अंगावर पिवळा पाऊस पडला. हजारो माश्या एकदम उडून हवेत विष्ठा टाकत होत्या, इतक्या उंचावर की खालून दिसतही नव्हत्या. चीनमध्ये जिआंग्सू प्रांतात १९७६ साली असाच पाऊस पडला होता आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच माशीकडे बोट दाखवलं होतं. पण तो लेख चिनी भाषेत होता. २००२ साली पश्चिम बंगालमधल्या संग्रामपूरला 'हिरवा पाऊस' पडला, लोक घाबरले, तोही तपासाअंती हाच निघाला.

ह्मोंग लोकांचं दुःख खोटं नव्हतं. त्यांच्यावर बॉम्ब पडले, त्यांची गावं उद्ध्वस्त झाली, ते मेले. पिवळे थेंब हे त्याचं कारण नव्हतं एवढंच. ही गोष्ट सांगताना बरेच जण मधमाशीच्या विनोदावर थांबतात, ते मला पटत नाही.

माश्या असं सामूहिक शौचाला का जातात, याचं एक उत्तर १९८९ साली 'नेचर'मध्ये माखझीर मरदान आणि पीटर केव्हन यांनी सुचवलं. पोळ्यातल्या अळ्यांना ठरावीक तापमान लागतं. भर उन्हात पडद्यातल्या माश्यांनाच गरम होतं, तेव्हा पोट हलकं करून त्या अंगातली उष्णताही कमी करतात. तुमच्या पार्किंगमधल्या पांढऱ्या गाडीवर मार्च-एप्रिलमध्ये मोहरीएवढे पिवळे ठिपके दिसतात ना? साध्या पाण्याने सहज निघत नाहीत ते? डोकं वर करा. आसपास कुठेतरी मोहोळ आहे.

आणि सापडलं की लगेच नंबर शोधू नका, कारण या माशीबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत कळलेली सर्वांत अचाट गोष्ट अजून सांगायची आहे. खेड्यांत लोक पूर्वीपासून म्हणत आले की आग्या दरवर्षी त्याच झाडावर, त्याच कड्यावर येते. शास्त्रज्ञांना प्रश्न असा होता की तीच जागा आवडते म्हणून कोणतेही थवे येतात, की खरोखर तेच कुटुंब परत येतं? २००० साली 'नेचर'मध्ये पार, ओल्ड्रॉइड आणि कास्टबर्गर यांनी ईशान्य भारतातल्या मोहोळांच्या डीएनएवरून दाखवलं की मधले महिने दुसरीकडे काढून त्याच राणीच्या वसाहती आपल्या जुन्या जागी परतल्या. कामकरी माशी काही आठवडे जगते. ज्या माश्या इथून गेल्या त्या परत आलेल्या नाहीत, राणी तेवढी तीच. आणि रस्ता राणी दाखवत नाही, कामकरी माश्या दाखवतात. मग पत्ता कोणाला आठवतो? आमच्या धंद्यात सगळे सर्व्हर बदलले आणि तरी सिस्टिमने जुना डेटा बरोबर परत दिला, तर आम्ही कुठेतरी बॅकअप आहे असं समजतो. इथे तो बॅकअप अजून कोणाला सापडलेला नाही.

म्हणून फेब्रुवारीतली ती फवारणी मला खुपते. सांगून उपयोग होतोच असं नाही. एका सोसायटीत मी 'जूनपर्यंत थांबा' म्हणालो तर मला विचारलं गेलं की चावल्यावर दवाखान्याचं बिल तुम्ही भरणार का. प्रश्न चुकीचा नाही. आग्याचे शेकडो डंख माणसाला मारू शकतात, आणि शाळेच्या दारावर किंवा वावरत्या जिन्यात मोहोळ असेल तर ते हलवायलाच हवं, तेही माहीतगाराकडून. पण अकराव्या मजल्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे कबुतराशिवाय कोणी जात नाही, तिथे विष मारायचं कारण 'दिसतंय' एवढंच असतं. हंगामाच्या मध्यावर मारलेलं मोहोळ म्हणजे राणी, अळ्या आणि तो पत्ता, सगळंच जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर त्याहून वाईट होतं. प्रवासात असलेले थवे पोळं न बांधता नुसते घोसासारखे फांदीला लटकून विसावा घेतात आणि काही दिवसांत पुढे जातात. थायलंडमध्ये पाय नदीकाठी असा दरवर्षीचा मुक्काम विलार्ड रॉबिन्सन यांनी २०१२ मध्ये नोंदवला. मुक्कामाला थांबलेल्या प्रवाशांवर आपण फवारा मारतो.

मध काढणाऱ्यांची जुनी पद्धतही माशीला फार दयाळू नव्हती, हे सांगायला हवं. अंधाऱ्या रात्री टेंभा पेटवून पोळ्यावर झटकायचा, ठिणग्यांमागे माश्या खाली झेपावतात आणि भाजून मरतात, मग सगळं पोळं कापून घ्यायचं. पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि अळ्यांचा भाग तसाच सोडायचा, ही पद्धत अलीकडे वर्ध्याच्या 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस'सारख्या संस्थांनी शिकवली. निलगिरीत कोटागिरीच्या 'कीस्टोन फाउंडेशन'ने तिथल्या मध काढणाऱ्या आदिवासींबरोबर काम केलं. अर्धं पोळं राहिलं तर माश्या ते पुन्हा भरतात.

आता प्रत्यक्ष बघायचं तर कसं? लांबून, मोबाइलचा झूम लावून. गांधीलमाशी मोहोळाजवळ आली की पडद्यावरून एक लाट सरकते. शेकडो माश्या क्षणभर पोट वर उचलतात, शेजारणी त्यांची नक्कल करतात, आणि स्टेडियममधल्या मेक्सिकन वेव्हसारखी चमक फिरते. कास्टबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की या लाटांमुळे गांधीलमाशी खरोखर मागे हटते. स्लो-मोशनमध्ये टिपून बघा, अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

दिवसच हवा असंही नाही. दिवाण आणि साळवी यांनी १९६५ सालीच 'इंडियन बी जर्नल'मध्ये आग्या चांदण्या रात्री फुलांवर जाते अशी नोंद केली होती. म्हणजे चैत्री पौर्णिमा, फुललेलं झाड, आणि खाली उभं राहून ऐकणं.

त्याच्याही पुढची रात्र भीमाशंकरला असते. तिथे उन्हाळ्याच्या तोंडावर वारस नावाचं झाड रात्री पांढरी फुलं उघडतं. त्यावर येणाऱ्या मोठ्या, काळ्या, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचा अभ्यास हेमा सोमनाथन आणि रेने बोर्जेस यांनी केला. भुंगा म्हणतो आपण, पण ती माशीच, एकटी राहणारी. त्यांतली एक जात संधिप्रकाशात आणि चांदण्यात उडते. दुसरी, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, चंद्र नसतानाही उडते आणि नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात खुणेचा रंग ओळखून आपल्या लाकडातल्या भोकाशी परत येते. हा शोध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उजेडात आपल्याला रंग अजिबात दिसत नाहीत. अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय जाता येत नाही. पण कधी संधी मिळाली, तर फेब्रुवारी-मार्चची अमावस्या निवडा, टॉर्च बंद करा, आणि डोक्यावरून जाणारा तो जाड, खर्जातला गुंजारव ऐका. दिसणार काहीच नाही.